आल्टा : जे जळाले नाही

नॉर्वेच्या अगदी उत्तरेस, सत्तराव्या अक्षांशाजवळ, आल्टा नावाचे एक शहर आहे. तेथे समुद्र उंच डोंगरांमधून चिंचोळा होत दूरवर आत शिरतो. अशा खाडीला त्या देशात फ्योर्ड म्हणतात. हिवाळ्यात सुमारे दोन महिने आल्ट्याला सूर्य उगवत नाही. उन्हाळ्यात जवळजवळ तितकेच दिवस तो मावळत नाही. अटलांटिक महासागरातून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे फ्योर्डचे पाणी मात्र गोठत नाही.

जुने शहर पाहण्याच्या आशेने येथे आलेल्या प्रवाशाची निराशाच होते. दुसऱ्या महायुद्धात तिरपित्झ ही जर्मन युद्धनौका याच परिसरातील कोफ्योर्डमध्ये दडून राहिली होती. 1944 च्या हिवाळ्याच्या तोंडावर जर्मन सैन्य मागे हटले आणि जाताना त्याने आल्टा जाळून टाकले. जी थोडी घरेदारे वाचली, त्यांत 1858 साली बांधलेले लाकडी चर्च होते. ते आजही उभे आहे. 2013 साली बांधलेले, टायटॅनियमच्या पत्र्याने मढवलेले नवे चर्च शहराच्या मध्यभागी झळकते. एक चर्च जुन्या आल्ट्याची आठवण देते, दुसरे नव्या आल्ट्याची उमेद दाखवते.

जवळच्या हाल्डे पर्वतावर क्रिस्तियान बिर्केलान या शास्त्रज्ञाने 1899 साली वेधशाळा उभारली. आकाशात हिरवे-जांभळे पडदे हलवणारा उत्तरध्रुवीय प्रकाश सूर्याकडून येणाऱ्या विद्युत्कणांमुळे निर्माण होतो, असा त्याचा सिद्धान्त होता. ही वेधशाळाही 1944 साली आगीत सापडली. पुढे तिचा जीर्णोद्धार झाला. आकाशातील प्रकाश मात्र कोणाला जाळता आला नाही!

आल्टा नदीची कथा निराळी आहे. सामन माशांसाठी विख्यात असलेल्या या नदीवर सरकारने वीजनिर्मितीसाठी धरण योजिले. दोन महिन्यांच्या रात्रीच्या प्रदेशात वीज ही चैन नव्हे, हे खरे. परंतु तेथील सामी लोकांच्या रेनडिअरच्या चराऊ जमिनींचे काय? 1979 साली सामी सत्याग्रहींनी ओस्लो येथे संसदेसमोर उपोषण केले. शेवटी धरण झाले आणि 1987 साली ते पूर्ण झाले. पण सामींचा आवाज पुन्हा दबला नाही. 1989 साली नॉर्वेत सामींची स्वतंत्र संसद स्थापन झाली.

प्रवाशाने सर्वांत शेवटी येम्मेलुफ्तच्या किनाऱ्यावर जावे. तेथील कातळांवर हजारो आकृती कोरलेल्या आहेत : रेनडिअर, अस्वले, नावा, शिकारी. त्यांतील सर्वांत जुन्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. हिमयुगाचे ओझे उतरल्यापासून येथील जमीन हळूहळू वर येत आहे. आकृती पाण्याच्या काठी कोरल्या जात. म्हणून जितकी आकृती वर, तितकी ती जुनी. 1973 साली त्या उजेडात आल्या आणि 1985 साली जागतिक वारसा ठरल्या.

पाहुण्यांना सहज दिसाव्यात म्हणून त्यांपैकी अनेकींत लाल रंग भरण्यात आला होता. पुढे तो काढण्याचे काम हाती घेण्यात आले. रंग नसलेला कातळ भर दुपारी कोराच वाटतो. प्रवाशाने थोडे थांबावे. सूर्य कलला, उन्हाची तिरीप दगडावर आली, की एकेक रेनडिअर सावलीतून उठून चालू लागतो. ज्यांच्या चराईसाठी माणसे उपाशी बसली, त्यांचाच तो सात हजार वर्षांमागचा पूर्वज.