माल अडला, माणूस सुटला काय?



पंचगंगेच्या काठी वसलेल्या या इचलकरंजी नगरीत, जिथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि जिथे मागांचा खडखडाट मध्यरात्री एकाएकी थांबला तर निजलेली माणसे जागी होतात, तिथे वेठबिगारीच्या मालावरील निर्बंधांचा व्यापाराच्या आणि ग्राहकाच्या दृष्टीने विचार करण्यासाठी आपण दूरदूरच्या गावांहून आलात, याबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. व्यवस्थेत उणे राहिले असेल ते पदरात घ्यावे, अशी विनंती करून मी मूळ विषयाकडे वळतो. कारण हा विषय सत्कारसमारंभात वेळ घालवण्याजोगा नाही.

वेठबिगार हा शब्दच मोठा बोलका आहे. त्यातील ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टी’चा वंशज आणि ‘बिगार’ फारसीतून आलेला. म्हणजे राज्ये पालटली, दरबाराची भाषा पालटली, पण फुकट राबवून घेण्याची रीत कायम राहिली आणि प्रत्येक अमलाने तिला आपापला शब्द तेवढा जोडला. आपल्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठीला मनाई केली, आणि १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी चाललेल्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात, न्यायमूर्ती भगवती यांनी असा निर्वाळा दिला की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीदेखील वेठच होय, कारण भुकेची सक्ती ही चाबकाच्या सक्तीहून कमी प्रतीची सक्ती नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगातील २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती. त्यांपैकी राज्यसत्तेने राबवलेली सुमारे ३९ लाख, बाकीची खासगी धन्यांच्या तावडीतली. हा हिशेब आपण ध्यानात ठेवावा, कारण निर्बंधांची चर्चा बहुधा एखाद्या परकीय सरकारच्या नावाने चालते आणि खासगी धनी त्या नावाआड झाकला जातो.

अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यातच सक्तीच्या श्रमाने तयार झालेल्या मालाला बंदरात मज्जाव करणारे कलम होते. परंतु जो माल त्या देशात गरजेपुरता पिकत वा बनत नाही त्याला त्या कलमातून सूट होती, आणि या सवलतीमुळे ते कलम पुष्कळ वर्षे दप्तरातच निजून राहिले. २०१६ साली ती सूट रद्द झाली. पुढे चीनच्या शिंच्यांग प्रांतातील उइगुर लोकांवरील सक्तीची प्रकरणे उजेडात आली, तेव्हा २०२१ च्या जानेवारीत तेथील कापूस व टोमॅटो यांवर बंदी घातली गेली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मंजूर होऊन जून २०२२ पासून अमलात आलेल्या कायद्याने पुराव्याचा भार पुरता उलटवला: त्या प्रांताचा धागा ज्या मालात आहे तो सक्तीच्या श्रमाचाच असे आधी गृहीत धरले जाईल, आणि तसे नाही हे स्पष्ट व खात्रीलायक पुराव्यानिशी माल आणणाऱ्याने शाबीत करावे. युरोपीय संघानेही २०२४ साली असा नियम केला असून तो डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. जगातील कापसाचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या शिंच्यांगमध्ये पिकतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा हुकूम सुताच्या प्रत्येक गुंडीपर्यंत का येऊन पोचतो ते उमगते.

तो माझ्या पेढीपर्यंत कसा आला, ते थोडे विस्ताराने सांगतो. तयार कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका निर्यातदाराचे पत्र आले की, आपण पुरवलेल्या कापडातील कापूस कोठला, हे कपाशीच्या शेतापासून कापडाच्या ताग्यापर्यंत दस्तऐवजांनिशी दाखवावे, नाहीतर पुढील मागणी तहकूब समजावी. आमचे दिवाणजी चाळीस वर्षे हिशेब लिहिणारे गृहस्थ. त्यांनी तीन दिवस कपाटे उपसली. सुताचे बिल सापडले, त्यावर लॉटचा नंबर होता. सायझिंगची पावती सापडली. परंतु बीम मजुरीवर विणून देणाऱ्या ज्या खर्चीवाल्याकडे विणायला दिले होते, त्याच्याकडची नोंद म्हणजे बिमाच्या कडेवर खडूने लिहिलेला आकडा, जो बीम रिते झाल्यावर हाताच्या घामाने पुसला गेला होता, आणि खिशातली एक छोटी डायरी, जिच्यात मीटर व मजुरी यांपलीकडे काही नव्हते. मागे गिरणीकडे चौकशी केली तर तिथे निरनिराळ्या जिनिंगच्या एकशेसत्तर किलोच्या गाठी फोडून एकत्र मिसळलेल्या. त्याहून मागे जिनिंगच्या आवारात पन्नास शेतकऱ्यांचा कापूस एकाच ढिगात पडलेला. कापूस आपल्याच मुलखातला होता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती; पण मनातली खात्री ही रुजुवात होत नाही. ती मागणी, शेत सोडून बाकी सर्व काही एका छपराखाली असणाऱ्या मोठ्या कारखान्याकडे गेली, आणि चार मागांच्या त्या खर्चीवाल्याचे, ज्याने कोणाचेही काही वाकडे केले नव्हते, दोन माग महिनाभर उभे राहिले.

व्यवसायावर निर्बंधांचा परिणाम काय, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दोन उभ्या मागांत दिसले. पुराव्याचा खर्च मोठ्याला परवडतो, लहान त्याखाली दबतो. आणि मोठ्याने केलेला खर्चही शेवटी कपड्याच्या किमतीत उतरून ग्राहकाच्या माथी येतो. ‘कस्तुरी’ या मुद्रेखाली भारतीय कापसाच्या गाठीगाठीचा माग ठेवण्याची जी तजवीज २०२० नंतर सुरू झाली, ती स्तुत्य आहे. पण ती गाठीपाशी थांबून चालणार नाही, सुताच्या बाचक्यातून आणि बिमातून ती खर्चीवाल्याच्या डायरीपर्यंत उतरली पाहिजे, आणि तो खर्च सरकार, निर्यातदार व परदेशी खरेदीदार यांनी वाटून घेतला पाहिजे, अशी मागणी या परिषदेने निःसंकोचपणे करावी असे मला वाटते.

तरीही, मंडळी, त्या तीन दिवसांतली जी गोष्ट माझ्या मनातून जात नाही ती वेगळीच आहे. दिवाणजींनी काढलेले ते सारे कागद मेजावर पसरले होते, आणि सक्तीच्या श्रमाविरुद्ध पुरावा म्हणून आम्ही जे काही गोळा केले होते त्यातल्या एकाही कागदावर माग चालवणाऱ्याचे, कांड्या भरणाऱ्या बाईचे किंवा वहिफणी करणाऱ्याचे नाव नव्हते. कापसाची वंशावळ आम्ही शोधत होतो. माणसाची कोणी मागितली नव्हती आणि आम्हीही दिली नव्हती.

इतिहासात हे पूर्वी घडून गेले आहे. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव १७९१ साली ब्रिटिश पार्लमेंटने फेटाळला, तेव्हा इंग्लंडातील साध्या कुटुंबांनी, विशेषेकरून बायकांनी, वेस्ट इंडीजची साखर चहात घालणे सोडले. अशा लोकांची संख्या, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणाऱ्या थॉमस क्लार्कसनने सुमारे तीन लाख धरली होती. ग्राहकाची सदसद्विवेकबुद्धी बाजाराला हलवू शकते याचा इतका निर्मळ दाखला दुसरा मिळणे कठीण. पुढे तेथील घरांत, आतली साखर ईस्ट इंडियाची असून ती गुलामांनी केलेली नाही, असे बाहेरून लिहिलेली साखरेची भांडी दिसू लागली. गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु १८३४ साली, मुक्तीचा तो कायदा अमलात येत असतानाच, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ झाला, आणि त्या गिरमिटियांत मुंबई बंदरातून गलबतावर चढलेली आपल्या कोकणातली माणसेही होती. मॉरिशसमध्ये आजही मराठी म्हणवून घेणारा जो समाज आहे तो त्यांचाच वंश. साखर शुद्ध झाली, असे भांडे म्हणत होते. ओझे मात्र एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले होते, आणि तो खांदा आपल्या घरचा होता.

म्हणून कोणत्याही निर्बंधाविषयी मी एकच प्रश्न विचारीत आलो आहे: माल अडला, माणूस सुटला काय? उझबेकिस्तानात दर शरद ऋतूत शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी यांना वर्गातून आणि दवाखान्यांतून उठवून कापूस वेचायला धाडण्याची सरकारी रीत होती. तीनशेहून अधिक कंपन्यांनी तो कापूस न घेण्याची प्रतिज्ञा केली, देशातल्या देशात धोका पत्करून काही माणसे शेतांवर जाऊन नोंदी करीत राहिली, २०१७ साली विद्यार्थी व शिक्षकांना शेतांतून परत पाठवण्याचा हुकूम निघाला, २०२० साली सरकारी कोटा गेला, आणि पद्धतशीर सक्ती संपल्याची खात्री पटल्यावर मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. तिथे माणूस सुटला, कारण बहिष्कार कशाने उठेल ते पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. मलेशियात हातमोजे बनवणाऱ्या टॉप ग्लोव्ह या कंपनीच्या मालावर अमेरिकेने २०२० साली, म्हणजे सारे जग हातमोज्यांसाठी आसुसले असताना, बंदी घातली. परदेशांतून आलेल्या मजुरांनी नोकरी मिळवण्यासाठी दलालांना भरलेली रक्कम हा तेथील मुख्य फास होता, आणि कंपनीने मजुरांना एकूण ३ कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. तिथे पैसा मजुराच्या हातात पडला. शिंच्यांगविषयी मात्र तसे म्हणता येत नाही; एका बंदरात अडलेल्या मालाला दुसरे बंदर मोकळे आहे, स्वतंत्र तपासनिसाला आत वाव नाही, आणि एच अँड एमसारख्या कंपनीने नुसती चिंता व्यक्त केली तरी २०२१ च्या मार्चमध्ये तिचा माल तेथील ऑनलाइन दुकानांतून एका दिवसात दिसेनासा झाला. ही बंदी उठवावी असे मी म्हणत नाही. चोरीचा माल घेऊ नये, मग चोर पकडला जावो वा न जावो. पण न घेणे म्हणजे सोडवणे नव्हे, आणि आपल्या व्यवसायातले काही मित्र चीनचे जाईल ते आपल्याकडे येईल एवढ्याच आनंदात असतात, त्यांना मी नम्रपणे सांगेन की ही उइगुर माणसाच्या दुःखावर केलेली सट्टेबाजी आहे.

आणि आपले स्वतःचे अंगण? या सभागृहापासून काही मैलांवर, गळिताचा हंगाम सुरू झाला की, ऊसतोड्यांच्या खोपी उभ्या राहतात. बीडकडून आलेले नवरा-बायकोचे एक जोडपे म्हणजे हिशेबात एक ‘कोयता’; हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हा कोयता हलू शकत नाही, आणि बाई बाळंतीण असो की तापाने फणफणलेली असो, पडलेला खाडा वहीत चढतो. गेल्या हंगामात एका खोपीपुढे मी तशी वही पाहिली. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली, पहिल्या पानावर उचलीचा आकडा, पुढची पाने खाड्यांनी भरलेली. फिटले किती ते मात्र मुकादमाच्या वहीत, जी त्या जोडप्याने कधी उघडलेली पाहिली नव्हती. बंधपत्रित श्रमाच्या निर्मूलनाचा आपला कायदा १९७६ चा आहे. माझ्या शहरातले मागही बारा बारा तासांच्या पाळीवर चालतात, हे मी याच व्यासपीठावरून कबूल करतो, आणि कबूल करताना मला जड जाते.

उद्या युरोपातला तपासनीस आला आणि त्याने कापसाऐवजी माणसांची वंशावळ मागितली, तर मेजावर काय ठेवायचे, हे या दोन दिवसांत ठरावे. परिषदेपुढील मसुद्यात स्वागत समितीने आपल्याकडून एक कलम घातले आहे: कापडाच्या प्रत्येक मागणीच्या दप्तरात ती विणणाऱ्याचे नाव, पाळीचे तास, दिलेली मजुरी आणि घेतलेली उचल यांची नोंद असावी, आणि त्या नोंदीची प्रत त्याच्या स्वतःच्या हाती असावी. त्यावर मतभेद होतील, खर्चाचे आक्षेप निघतील. ते सर्व मोकळेपणाने मांडले जावेत.

या कलमावरची चर्चा आज रात्री साडेआठ वाजता ठेवली आहे. दूरच्या पाहुण्यांना ती वेळ गैरसोयीची आहे याची समितीला जाणीव आहे. परंतु दिवसपाळी आठला सुटते, आणि मागांवरची मंडळी हातपाय धुऊन इथवर येईपर्यंत अर्धा तास लागतो. पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखल्या आहेत. कृपा करून त्या मोकळ्या ठेवाव्यात. आता मी अध्यक्षमहाराजांना विनंती करतो की, त्यांनी आसनस्थ होऊन परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा.