श्रद्धा, प्रीती आणि कादंबरी

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे तालुक्याचे गाव. एकीकडे उसाचे मळे, दुसरीकडे कापडाचे कारखाने आणि जवळूनच मुंबईहून दिल्लीकडे धावणारा हमरस्ता. उसाच्या हंगामात डांगातून आणि नंदुरबारकडून तोडणीची माणसे या टापूत येतात. कारखान्यांच्या आश्रयाने कित्येक खानदेशी कुटुंबे सुरतेच्या आसमंतात कायमची स्थिरावली आहेत. अशा कुटुंबांपैकी एखाद्या ख्रिस्ती घराची श्रोत्यांनी क्षणभर कल्पना करावी. रात्रीची जपमाळ आटोपली आहे. धाकटी मुले गुजराती शाळेचा अभ्यास करीत आहेत. थोरली मुलगी मात्र मोबाइलवर एक इंग्रजी कादंबरी वाचण्यात गढून गेली आहे. आई विचारते, ‘‘काय वाचतेस गं एवढं?’’ मुलगी म्हणते, ‘‘देवाचंच आहे, आई.’’ कथा थोडक्यात ऐकल्यावर आई पुन्हा विचारते, ‘‘देवाचं आहे, तर मग त्यात लग्न कुठून आलं?’’

आईचा हा प्रश्न साधा वाटला तरी तो फार जुना आहे आणि त्याचे उत्तर देणे सोपे नाही. ख्रिस्ती श्रद्धेला पोषक अशा, गतकाळात घडणाऱ्या प्रेमकथांचे एक मोठे दालन आज जगात उभे आहे. त्या कथा भाविक स्त्रिया आवडीने वाचतात. त्यांच्या वाचनाने श्रद्धा बळावते, की मनोरंजनालाच भक्तीचा वेष चढवला जातो, हा विचार करण्यासारखा विषय आहे.

कथावाचनाविषयीचा धार्मिक माणसाचा संशय निराधार नाही. सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये वीरपुरुषांच्या अद्भुत प्रेमकथांचे मोठे वेड होते. आविलाची संत तेरेसा हिने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, तिच्या आईला अशा कथांची आवड होती, वडिलांना ती खपत नसे आणि मायलेकी त्यांच्या नकळत ती पुस्तके वाचीत. पुढे तेरेसाने हा आपला दोषच मानला. याच काळात, १५२१ साली, पांप्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला नावाच्या सरदाराचा पाय तोफगोळ्याने जायबंदी झाला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्याने करमणुकीसाठी वीरकथा मागितल्या. घरात तसले पुस्तक मिळाले नाही, म्हणून त्याच्या हाती ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे देण्यात आली. ती वाचता वाचता त्याचे आयुष्य पालटले आणि पुढे त्याने येशूसंघाची स्थापना केली.

हा प्रसंग पुष्कळदा प्रेमकथांच्या विरुद्ध पुरावा म्हणून सांगितला जातो. परंतु त्याची दुसरीही बाजू आहे. वीरकथांनी ज्या मनाला पराक्रमाची, निष्ठेची आणि सर्वस्व उधळून देण्याची ओढ लावली होती, त्याच मनाला संतचरित्रांनी नवे ध्येय दिले. ओढ तीच राहिली. तिची दिशा बदलली. कथेची भूक हे पाप नव्हे. त्या भुकेला कोणते अन्न मिळते, हा खरा प्रश्न होय.

ही गोष्ट मराठी भाषेच्या एका थोर सेवकाने चारशे वर्षांपूर्वी ओळखली होती. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी १५७९ साली गोव्यास आला आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात आरंभीच एक प्रसंग आहे. जुनी पुराणे सोडून दिलेल्या माणसांना नव्या धर्मात ऐकावयास तशी पुराणे का नसावीत, अशी पृच्छा तेथे केली आहे. नुसत्या प्रश्नोत्तरीने माणसाचे मन भरत नाही. त्याला कथा हवी असते आणि ती आपल्या भाषेत, आपल्या छंदात हवी असते, हे स्टीफन्सने जाणले होते.

पुढे गद्याचे युग आले आणि आईच्या त्या प्रश्नाशी मराठी कादंबरीची जन्मकथाच येऊन भिडली. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजी यांनी १८५४ साली ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून तिचा मान सर्वमान्य आहे. यमुना ही शिकलेली तरुण स्त्री आपल्या पतीसह, विनायकरावांसह, प्रवासास निघते. ठिकठिकाणी तिला विधवांच्या दुःखाच्या कहाण्या ऐकू येतात. केशवपन, उपास, घरातल्या घरात होणारी छळणूक, हे सारे ती पाहते. पुढे पतीला अपघाती मरण येते आणि जे तिने इतरांच्या घरी पाहिले, तेच तिच्या वाट्यास येऊ पाहते. अखेर ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते.

यात लग्न कुठून आले? ते त्या काळाच्या पोटातूनच आले. हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता आणि दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक निघाले. कायद्याने दार उघडले, तरी त्या दारातून बाहेर पाऊल टाकणारी स्त्री कशी असेल, हे कायद्याला दाखवता येत नाही. ते कादंबरी दाखवू शकते. यमुनेचा विवाह हा कथेच्या शेवटी लावलेला गोड तुकडा नव्हे; तिचे उरलेले आयुष्य तिचेच आहे, असे सांगणारा तो निर्णय होता. लेखकाचा धर्मप्रसाराचा हेतू लपलेला नाही आणि पुष्कळ ठिकाणी पात्रे बोलण्याऐवजी प्रवचने करतात, हा दोषही खरा. तरीही पुस्तक टिकले, ते त्यातील विधवांचे हुंदके खरे होते म्हणून.

याच सुमारास युरोपातही श्रद्धेच्या कादंबरीने इतिहासाचा आधार घेतला. इंग्लंडातील कार्डिनल वाइझमन यांनी १८५४ साली ‘फाबिओला’ लिहिली. डायोक्लिशन बादशहाच्या छळाच्या काळातील ही श्रीमंत रोमन युवती गर्विष्ठ आहे. तिच्या मनाचे परिवर्तन होते, ते एका गुलाम दासीच्या क्षमाशील वागण्याने. अमेरिकेतील ल्यू वॉलेस या सेनापतीने १८८० साली ‘बेन-हर’ लिहिली. सूडाने पेटलेला ज्यू तरुण क्षमेपर्यंत कसा येतो, याची ती कथा आहे. पोलंडच्या हेन्रिक शेन्केविच याने १८९६ साली ‘क्वो वादिस’ पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९०५ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

‘क्वो वादिस’मध्ये नीरोच्या दरबारातील व्हिनिशियस नावाचा रोमन सरदार लिजिया या ख्रिस्ती मुलीवर आसक्त होतो. आरंभी त्याचे प्रेम म्हणजे निव्वळ हक्काची हाव असते. आवडलेली वस्तू उचलून घरी आणावी, तशी ती मुलगी आपल्याला मिळावी, एवढेच त्याला कळते. ती पळून जाते. तिला शोधता शोधता तो अशा माणसांत जाऊन पोचतो की, जी आपल्या शत्रूंसाठी प्रार्थना करतात. शेवटी त्याला उमगते की, जिच्यावर प्रेम करावयाचे तिला आधी स्वतंत्र माणूस मानावे लागते. पलसाण्याच्या आईला यापेक्षा चांगले उत्तर कोणते द्यावे? प्रीतीची शुद्धी हीच येथे धर्माची कथा आहे.

आज या मुलीच्या हाती असते ती बहुधा अलीकडची कादंबरी. या आधुनिक शाखेचा आरंभ पुष्कळ जण कॅनडाच्या जॅनेट ओक यांच्या १९७९ सालच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ या कादंबरीपासून मानतात. पश्चिमेकडे वसाहत करण्यास निघालेल्या मार्टीचा नवरा वाटेतच मरण पावतो. ती गरोदर आहे, निराधार आहे. क्लार्क नावाचा एक विधुर आपल्या लहान मुलीला आई हवी म्हणून तिला लग्नाचे विचारतो आणि ती नाइलाजाने होकार देते. प्रेम मागाहून येते. हळूहळू, घरकामातून, आजारपणातून, एकमेकांचा मान राखण्यातून येते. आपल्याकडे ठरवून झालेल्या कित्येक विवाहांची कथा याहून फारशी निराळी नसते. म्हणूनच ती परकी वाटत नाही. यमुना आणि मार्टी या दोघींच्या पुढे एकच प्रश्न उभा आहे: पतीच्या मागे एकट्या स्त्रीने जगावे कसे?

तथापि, या वाङ्मयात काही धोके आहेत आणि ते भाविक वाचकाने डोळ्यांआड करता कामा नयेत.

पहिला धोका सोयीच्या देवाचा. नायिकेने प्रार्थना करावी आणि पुढच्या प्रकरणात देखणा, सुस्वभावी वर दारात उभा राहावा, असे वारंवार घडू लागले की देव हा लग्ने जुळविणारा मध्यस्थ ठरतो. ज्या मुलीची प्रार्थना अशी फळत नाही, जिच्या वाट्यास व्यसनी नवरा किंवा एकाकीपण येते, तिच्या श्रद्धेचे काय व्हावे? फाबिओला आपले उरलेले आयुष्य विवाहात नव्हे, तर दीनांच्या सेवेत घालविते. विवाहाखेरीजही जीवन सफल होते, हे सांगणारी कथा म्हणूनच मोलाची आहे.

दुसरा धोका सोयीच्या इतिहासाचा. आपल्या धर्माची माणसे तेवढी सज्जन आणि इतर सारी दुष्ट, अशी विभागणी केली की कथा सोपी होते, पण खोटी होते. गोव्यात १५६० साली स्थापन झालेले धर्मन्यायालय १८१२ साली बंद झाले. मधल्या काळात श्रद्धेच्या नावाने जे जुलूम झाले, ते वगळून गोव्याची ख्रिस्ती कथा लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेच्या माळरानावरील प्रेमकथेत त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना जागाच नसेल, तर त्या कथेतील सद्गुणही उणे पडतात. सत्याला भिणारी श्रद्धा दुबळी होय. चर्चने निषिद्ध पुस्तकांची सूची १९६६ साली रद्द केली. तेव्हापासून निवडीची जबाबदारी वाचकाच्या विवेकावर आली आहे आणि ती अधिक कठीण आहे.

तिसरा धोका तुलनेचा. कादंबरीतील क्लार्क कधी चिडत नाही, कधी थकत नाही. कारखान्यात बारा तासांची पाळी करून आलेला खरा नवरा त्याच्यासारखा बोलणार नाही. कथेने माणसाकडे पाहण्याची दृष्टी मऊ केली, तर ती उपकारक. जवळच्या माणसाविषयी तिटकारा उपजविला, तर ती घातक. पुस्तक मिटल्यावर आपण घरात कसे वागतो, हीच त्याची कसोटी.

या सर्व धोक्यांवर उतारा म्हणून मराठी वाचकाच्या घरात एक पुस्तक आधीपासूनच आहे. ते कादंबरी नव्हे. लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, पण म्हणून लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातपात आणि विटाळ यांविषयीची त्यांची दृष्टी आपल्याच गतीने पालटली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा, प्रीती आणि इतिहास या तिन्ही गोष्टी येथे आहेत. परंतु पती लहरी आहे, पत्नी फटकळ आहे, भांडणे आहेत आणि भरपूर हसणेही आहे. दोन माणसांनी परस्परांना दिलेला वेळ हाच येथे देवाच्या कृपेचा मार्ग ठरतो. हे पुस्तक वाचलेल्या मुलीला कोणतीही गुळचट प्रेमकथा फार काळ फसवू शकणार नाही.

आणि अशा कथांचे बीज शोधावयास फार दूर जावयास नको. पलसाणा ज्या जिल्ह्यात आहे, त्या सुरतेतच नंदशंकर मेहता या शाळामास्तरांनी १८६६ साली ‘करणघेलो’ लिहून गुजरातीतील पहिली कादंबरी दिली आणि ती ऐतिहासिकच होती. एका राजाच्या परस्त्रीविषयीच्या आसक्तीने राज्य कसे बुडाले, ते तीत सांगितले आहे. याच सुरतेवर जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी स्वारी केली, तेव्हा फादर अँब्रोज या कॅपुचिन धर्मगुरूच्या निवासाला त्यांनी धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने नमूद केले आहे. शहर जळत असताना त्या एका घराच्या भिंतीआड कोण कोण आसऱ्याला आले असेल, त्यांच्यात कोणती नाती जुळली वा तुटली असतील? इतिहास येथे मुका होतो आणि कादंबरीकाराचे काम सुरू होते.

पलसाण्याच्या त्या घरातील दिवा अजून जळतो आहे. आईला इंग्रजी येत नाही आणि मुलीला आईचा प्रश्न टाळता येत नाही. अशा वेळी मुलीने मोबाइल लपविण्यापेक्षा एक करावे. वाचलेली कथा आपल्या मराठीत आईला सांगावी. सांगताना कोणते प्रसंग खरे वाटतात आणि कोणते तोंडातून निघतानाच पोकळ वाटतात, हे तिचे तिलाच कळेल. आईजवळही सांगण्यासारखे पुष्कळ असेल: गाव सोडल्याचा दिवस, अनोळखी माणसाशी झालेले लग्न, पहिल्या वर्षीची भीती आणि नकळत जडलेली माया. देवाच्या गोष्टीत लग्न कुठून आले, या प्रश्नाचे उत्तर मग तिला पुस्तकात शोधावे लागणार नाही.