फोनवरच्या बैठकीत आवाज का घुमतो?



बचत गटाच्या कितीतरी बैठका आता मोबाइलवर होतात. कुणी शेताच्या बांधावरून बोलते, कुणी माहेरून. आणि नेमका कर्जाचा विषय निघाला की आवाज घुमायला लागतो. सात हजार म्हणाली की साठ हजार? ऐकू आलं नाही तरी ‘हो हो’ म्हणून मोकळ्या होतो. फेडायचं मात्र सगळ्यांनी मिळून असतं.

लग्नाच्या मांडवात माईक कर्ण्यासमोर गेला की कुंईऽऽ करून शिट्टी वाजते. कर्ण्यातला आवाज माईकमध्ये शिरतो, तिथून परत कर्ण्यात, प्रत्येक फेरीला मोठा होत. फोनवरही तीच गत. फक्त आवाज नेटवर्क फिरून येतो, त्याला थोडा वेळ लागतो, म्हणून आपलाच शब्द मागून ऐकू येतो.

आता गंमत अशी, जिला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, तिचा फोन बहुतेक वेळा चांगला असतो. दोष पलीकडच्या कुणाच्या तरी स्पीकरचा. आपण मात्र आपलाच फोन आपटत बसतो! त्यापेक्षा एकीने बोलत राहावं, बाकी सगळ्यांनी माईक बंद करावा आणि एकेकीने उघडावा. जिने उघडल्यावर आवाज घुमला, तिने स्पीकर हळू करावा किंवा कानात इयरफोन घालावा. वायरचा साधा इयरफोन पुरतो, कारण मग स्पीकरचा आवाज माईकपर्यंत पोचतच नाही.

तसं फोनमध्येच घुमणं कमी करायची सोय असते. आपल्या स्पीकरमधून काय वाजतंय हे त्याला ठाऊक असतं, तेवढं तो माईकमधल्या आवाजातून वजा करतो. पण स्पीकर पूर्ण मोठा केला की आवाज फाटतो आणि ही वजाबाकी चुकते. शेजारच्या दुसऱ्या फोनचं तर त्याला काहीच कळत नाही. म्हणून सासू-सून एकाच खोलीत दोन फोन लावून बसल्या की शिट्टी ठरलेली. अशा वेळी एका फोनचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद करावं, नुसता माईक बंद करून भागत नाही. सरळ एकाच फोनभोवती बसलेलं उत्तम.

आमच्या कार्यक्रमात फोन लावताना ‘ताई, घरातला रेडिओ बंद करा’ म्हणतो, तेही याचसाठी.

समाजमंदिराच्या रिकाम्या हॉलमध्ये भिंतीही आवाज परतवतात. तिथे सतरंजी अंथरा, खिडकीवर गोधडी टाका, फोन तोंडाजवळ घ्या. फोन स्टीलच्या तांब्यात ठेवायची युक्ती गाणी ऐकायला ठीक, बैठकीला नको.

आणि रकमेचा विषय आला की सचिवताईंनी आकडा सुटा सुटा बोलावा, ‘सहा, शून्य, साठ हजार’, आणि लगेच गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ६०,००० असा लिहून टाकावा. सगळ्यांनी तो वाचून होकार कळवला की मगच ठरावाच्या वहीत चढवावा.