आधी पाणी, मग पाया

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त किल्ला बांधणाऱ्याला पाण्याविषयी कडक ताकीद आहे. जागा कितीही मोक्याची असो, पाणी पाहिल्याशिवाय तिथे बांधकामाला हात घालायचा नाही. गडावर झरा आहे एवढ्यावर निश्चिंत राहायचं नाही, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे कमी होतात. म्हणून टाकी, तळी बांधून ठेवायची, आणि एकावर थांबायचं नाही.

तीनशे वर्षांनंतर कोकणात घर बांधणारा चाकरमानी याच्या नेमका उलट क्रम धरतो. आधी नकाशा, मग स्लॅब, मग फरशा आणि रंग. गृहप्रवेशाची तारीख जवळ आली की प्लंबरची शोधाशोध. कुंपण तर सर्वांत शेवटी, हातात उरलेल्या पैशांत जे होईल ते. वास्तविक पाणी आणि कुंपण ही दोन्ही कामं पाया खणण्याआधी एकाच कागदावर मांडायला हवीत, कारण घरातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावरच कुंपण जगतं. आज मांडायचा मुद्दा तो हाच.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांमध्ये टँकर येतात. यात नवल नाही. जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उतार तीव्र, नद्या आखूड आणि जांभा दगड सच्छिद्र. पाणी मुरतंही झपाट्याने आणि निघूनही जातं तितक्याच झपाट्याने. दिवाळीत काठोकाठ दिसणारी विहीर शिमग्यानंतर तळ दाखवते. म्हणून जागा घेताना विहीर पाहायची ती मे महिन्यात. ऑगस्टमध्ये प्रत्येक विहीर भरलेलीच असते, त्यावरून काहीही कळत नाही.

देशावरची गोष्ट वेगळी. तिथे काळा पाषाण आहे, आणि पाणी त्याच्या वरच्या कुजलेल्या थरात नि भेगांमध्ये साठतं. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं म्हणून आपल्यालाही लागेल याची खात्री नाही. खोल, आणखी खोल जाण्याचा मोह तिथे होतो. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना लगाम घातला आहे तो याचसाठी. पाणी लागलं तरी ते तपासून घ्यायला हवंच. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत फ्लोराइड जास्त, तर अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, असं भारतीय मानक सांगतं. दुसरा स्रोतच नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत. ही तपासणी पाइप विकत घेण्याआधीची आहे, कारण क्षाराचं पाणी लोखंडी पाइप आतून भरून टाकतं आणि गिझरची कॉइल खातं.

आता हिशेब. शहरी वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्याची फोड पाहण्यासारखी आहे : पिण्याला ५, स्वयंपाकाला ५, आंघोळीला ५५, कपड्यांना २०, भांड्यांना १०, घर पुसण्याधुण्याला १० आणि संडासाला ३०. म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज ६७५ लिटर. मार्च ते मे या ९२ दिवसांचे झाले सुमारे ६२,००० लिटर. उलट बाजूने पाहा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं. ८० चौरस मीटरच्या कौलारू घरावर ३००० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातलं वीस टक्के वाया गेलं असं धरलं, तरी पन्हळीतून १ लाख ९२ हजार लिटर उतरतं. उन्हाळ्याच्या गरजेच्या तिप्पट पाणी पागोळ्यांवाटे अंगणात पडून वहाळाला मिळतं.

उन्हाळ्याची सगळी गरज साठवायची म्हटलं तर पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद, अडीच मीटर खोल हौद लागेल. तो खर्च प्रत्येकाला झेपणारा नाही, आणि त्याची गरजही नाही. वरची फोड पुन्हा पाहिली की वाट सापडते. पिणं आणि स्वयंपाक मिळून पाच जणांना दिवसाला फक्त ५० लिटर लागतात. तीन महिन्यांचे ४,६०० लिटर. म्हणजे ५,००० लिटरची एक झाकलेली टाकी पावसाच्या पाण्याने भरून ठेवली, तर विहीर आटली तरी पिण्याची ददात पडत नाही. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी छपरावरची धूळ, पाला, पाखरांची घाण घेऊन येतं. ते बाहेर सोडण्यासाठी पन्हळीच्या खालच्या नळाला एक बूच ठेवायचं, नंतरचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत घ्यायचं. टाकीत उजेड शिरता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. पिण्याआधी उकळणं सोडायचं नाही.

वापराच्या पाण्याची टाकी स्लॅबवर बसते, आणि तिथे हमखास दोन गोष्टी राहून जातात. एक वजन. १,००० लिटर पाणी म्हणजे पुरता एक टन. तो कुठे बसणार हे इंजिनिअरला स्लॅबची सळई बांधण्यापूर्वी सांगावं लागतं. दुसरी उंची. पाण्याचा दाब उंचीतून येतो : १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरमागे १ किलो. टाकी थेट स्लॅबवर टेकवली तर वरच्या मजल्यावरच्या शॉवरच्या वर जेमतेम एक मीटर पाणी राहतं, आणि महागातला शॉवरही मग नुसता ठिबकतो. टाकीखाली दीड-दोन मीटरचे खांब उभे केले तर पंप बसवण्याची पाळी येत नाही. सौर बंब लावायचा असेल तर थंड पाण्याच्या टाकीचा तळ गरम टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. हे आधी ठरवलं नाही तर नंतर टाकी उचलण्यासाठी वेगळं बांधकाम करावं लागतं.

पाइप भिंतीत जातात त्या दिवशी मालकाने जागेवर हजर असावं. गवंडी झिरी मारतो, प्लंबर पाइप बसवतो, आणि गिलावा करणारा लगेच मागे उभा असतो. त्याला एक दिवस थांबवायचं. सगळ्या तोंडांना बुचं लावून, हातपंपाने दाब देऊन लाइन भरायची आणि काटा तासन् तास जागचा हलत नाही ना ते पाहायचं. काटा उतरला तर सांधा पाझरतोय. तो आता पन्नास रुपयांत सुधारतो, फरशी बसल्यावर अख्खी भिंत फोडावी लागते. गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंडाला यूपीव्हीसी, हा भेद प्लंबर पाळतोय ना, हेही तेव्हाच दिसतं. मग भिंतीला टेप लावून प्रत्येक झिरीचा फोटो काढून ठेवायचा. पुढे आरशासाठी खिळा ठोकताना तो फोटो उपयोगी पडतो.

पाणी घरात आलं. आता ते बाहेर कुठे जातं ते पाहू.

जुन्या घरांमागे न्हाणीच्या पाटावर अळू, केळी आणि पुढे एखादा माड असायचाच. आंघोळीचं पाणी गटारात घालवणं कोणाच्या मनातही येत नसे. नव्या घरात संडास आणि न्हाणी दोन्ही एकाच नळीने सेप्टिक टँकला जोडतात आणि रोजचं २७५ लिटर चांगलं पाणी मैल्यात मिसळतं. या दोन नळ्या वेगळ्या काढायला फक्त काही फूट जास्त पाइप लागतो, पण पाया भरताना. नंतर ते जमत नाही. सेप्टिक टँकचा शोषखड्डा मात्र विहिरीपासून किमान १८ मीटर लांब ठेवायचा. जांभ्यात त्याहूनही जास्त, कारण जांभा गाळत नाही, वाहून नेतो. विहीर उताराच्या वरच्या अंगाला, खड्डा खालच्या अंगाला.

न्हाणीचं हे पाणी कुंपणाच्या चरात सोडायचं. पण कुंपण कसलं? सिमेंटच्या भिंतीचा मोह समजण्यासारखा आहे, पण उतारावर ती पावसाचं पाणी अडवते, एका कोपऱ्यात ढकलते आणि शेजाऱ्याच्या बांधावर नेऊन सोडते. कोकणातला सुक्या दगडांचा गडगा पाण्याला वाट देतो. काट्यांची वईही देते, पण ती दर वर्षी नवी घालावी लागते : वाळवी लागते, काटे कुजतात, वणव्यात जळून जाते.

याच अडचणीने एकदा ब्रिटिश सरकारलाही घेरलं होतं. मिठाची चोरटी ने-आण थांबवण्यासाठी सिंधूच्या बाजूने निघून खानदेशाच्या वेशीवरच्या बुऱ्हाणपुराला वळसा घालत पूर्वेकडे जाणारी जकातीची लांबलचक हद्द त्यांनी आखली होती. तिच्यावर वाळक्या काट्यांचं कुंपण घालायला दर वर्षी प्रचंड काटे वाहून आणावे लागत, आणि वाळवी, वणवे, वादळं ते खाऊन टाकत. १८६७ ते १८७० या काळात या जकात खात्याचे प्रमुख होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे १८८५ साली मुंबईत काँग्रेस भरवणारे तेच. त्यांनी जिवंत कुंपणाचा ध्यास घेतला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, शेर अशी जिथे जे रुजेल ते लावलं. माती वाईट असेल तिथे चर खणून चांगली माती भरली. हे कुंपण काही ठिकाणी १२ फूट उंच आणि १४ फूट जाड झालं होतं. १८७९ साली ती हद्दच मोडली. त्या जकातीने गरिबांवर झालेला जुलूम विसरता येत नाही, पण चर, माती आणि स्थानिक झुडूप यांशिवाय कुंपण उभं राहत नाही, हे ह्यूम यांनी दाखवून दिलं.

झुडूप निवडताना घाई केली तर पिढ्यान् पिढ्या भोगावं लागतं. घाणेरी १८०९च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली आणि आज सह्याद्रीची रानं तिने व्यापली आहेत. गिरिपुष्पाच्या फांद्या खोचल्या की फुटतात आणि पाला खत म्हणून चालतो. मोगली एरंडाला गुरं तोंड लावत नाहीत, पण त्याच्या बिया विषारी, म्हणून लहान मुलांच्या घरी नको. शेराचा चीक डोळ्यांना घातक. समुद्राजवळ खारा वारा सोसणारी कोयनेल उत्तम, कातरली की दाट होते, पण काटा नसल्याने गुराला अडवत नाही.

सगळ्यांत भरवशाचं करवंद. एकदा रुजलं की कातळसड्यावर, मूठभर मातीत, पाण्याविनाही ते तगतं. दुहेरी, ताठ काटे गुरांना आत येऊ देत नाहीत, आणि मे महिन्यात मुलांच्या हाती फळं येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळांचं ‘कोकण बोल्ड’ हे वाणही दिलं आहे, पण कुंपणाला रानातल्या बियांची रोपंही पुरतात. फक्त बी ताजं हवं, जुनं बी उगवत नाही. पिकलेली काळी करवंदं कुस्करून, बिया धुऊन, सावलीत सुकवून काही दिवसांतच पिशवीत पेरायच्या. रोप लावण्याजोगं व्हायला वर्ष लागतं, आणि घर उभं राहायलाही साधारण तेवढाच काळ. म्हणून ज्यांच्या चौथऱ्याचं काम या मे महिन्यात निघालं आहे, त्यांनी बियाही याच महिन्यात धरायच्या.

पुढच्या जूनमध्ये हद्दीपासून दोन फूट आत, दीड फूट खोल चर. त्यात शेणखत आणि माती, दोन-दोन फुटांवर रोप. शंभर फुटांना पन्नास रोपं लागतात. दर रोपाला आठवड्यातून दोनदा पाच लिटर दिले तरी ५०० लिटर होतात. न्हाणीतून आठवड्याला जवळपास १,९०० लिटर मिळतात, उरलेलं केळींना. साबणाचं पाणी एकाच रोपाच्या मुळाशी रोज पडू नये, म्हणून चराला दोन-तीन तोंडं ठेवून ती आलटून पालटून उघडायची. कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी या चरात सोडू नये. छाटणी फळं उतरल्यावर, पावसाच्या सुरुवातीला. हिवाळ्यात छाटलं तर येणारा फुलोरा जातो. आणि कुंपणात सेप्टिक टँकच्या बाजूला दहा फुटांची फट ठेवून तिथे बांबूचं बेडं घालायचं, कारण दोन-तीन वर्षांनी गाळ उपसणारा टँकर तिथूनच आत यावा लागतो.