पावसाचा मेहमान



राधानगरीचं नाव काढलं की लोकांना मोठं पाणी आठवतं. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं धरण, त्याचा लक्ष्मी तलाव, त्याचे आपोआप उघडणारे सात दरवाजे. भर पावसाळ्यात हे दरवाजे उघडल्याची बातमी आली, की खाली कोल्हापुरात पंचगंगेच्या काठची माणसं सामान आवरायला लागतात. मला आज मात्र याच मुलखातल्या अगदी लहान पाण्याविषयी बोलायचं आहे. इतकं लहान, की त्यात आपण पाऊल ठेवलं तर ते संपतं. आणि त्या पाण्याच्या भरवशावर संसार मांडणाऱ्या एका ओबडधोबड जिवाविषयी.

आमचं घर कौलारू. वडील गाद्या-रजया भरायचे. उन्हाळाभर वाड्यावस्त्यांवर हिंडून काम करायचे आणि मिरीग लागला की घरी बसायचे, कारण पावसात कापूस सादळतो. त्या दिवसांत उंबऱ्यापाशी कंदिलाच्या उजेडात किडे जमत आणि त्या किड्यांच्या मागावर खरखरीत अंगाचे, गलेलठ्ठ बेडूक घरात येत. आम्ही पोरं त्यांच्यावर मीठ टाकायचो. सांगायला आज लाज वाटते, पण टाकायचो. अम्मा धावत यायची. “मारू नक्को रे, बारिश का मेहमान है,” म्हणायची. मग सुपलीवर त्या पाहुण्याला घेऊन परसातल्या अळवाखाली सोडून यायची.

अम्माला लिहिता-वाचता येत नव्हतं. बेडूक मारू नये अशी हदीस आहे, हे मला पुढं मोठेपणी कळलं. आणखीही एक परंपरेनं चालत आलेली गोष्ट आहे. हजरत इब्राहिमना आगीत टाकलं, तेव्हा बेडूक ती आग विझवायला पाणी घेऊन धावला. तोंडात मावून मावून पाणी ते किती! पण धावला.

आता भाषेची एक अडचण सांगतो. घरात येणारा तो खरखरीत आणि विहिरीत सूर मारणारा तो गुळगुळीत, दोघांनाही आपण बेडूकच म्हणतो. मराठी विश्वकोशानं पहिल्यासाठी ‘भेक’ हा शब्द वापरला आहे. भेकाची कातडी कोरडी, चामखिळीसारख्या उंचवट्यांची. मागचे पाय आखूड, त्यामुळं तो लांब उडी मारत नाही, टुणटुण चालतो. डोळ्यांमागं विषारी द्राव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. तो पाण्यापासून दूर राहू शकतो, पण बहुतेक भेकांना अंडी घालायला पाण्याकडे परतावंच लागतं. आपल्या घरातला भेक डबक्यात अंड्यांच्या लांबच लांब माळा सोडतो. पारदर्शक दोऱ्यात ओवलेले काळे मणी. लहानपणी मला वाटायचं, कुणाची तरी तसबीह पाण्यात पडली आहे.

भेक म्हणजे एवढंच, अशी माझी पन्नाशीपर्यंत समजूत होती. ती मोडली आमच्या शेजारच्या एका मुलानं. तो कोल्हापूरला प्राणिशास्त्र शिकतो. एका पावसाळी संध्याकाळी तो म्हणाला, “काका, काही भेक डबक्यात नाही, वाहत्या ओढ्यात वाढतात.” मला खरं वाटेना. आमच्याकडचे ओढे श्रावणात माणूस ओढून नेतात, तिथं बोटाच्या पेराएवढं पिल्लू कसं टिकणार? त्यानं सांगितलं ते असं : बोर्निओ, मलाया, सुमात्रा, फिलिपिन्सच्या जंगलांत ‘अन्सोनिया’ कुळातले सडपातळ भेक आहेत. त्यांच्या पिल्लांचं तोंडच चोषकासारखं असतं. त्या तोंडानं ती धारेतल्या दगडाला घट्ट धरून राहतात. पाणी अंगावरून जातं, पिल्लू जात नाही.

आपल्या पश्चिम घाटातही ओढ्याकाठचे भेक आहेत. कोडगूकडच्या ब्रह्मगिरीच्या डोंगरातला एक भेक एकोणिसाव्या शतकातच शास्त्रज्ञांना ठाऊक झाला. दिसायला तसाच, म्हणून त्याला त्या पूर्वेकडच्या अन्सोनियांच्याच कुळात टाकलं गेलं. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तो कागदोपत्री परदेशी नात्याचा राहिला. २००९ मध्ये डॉ. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकं तपासली, तेव्हा कळलं की याचं कूळ वेगळं आहे आणि ते फक्त इथलंच आहे. त्यांनी त्याला नवं नाव दिलं, घाटोफ्रायनी. ‘फ्रायनी’ म्हणजे ग्रीक भाषेत भेक आणि ‘घाट’ म्हणजे आपला घाट.

श्रोतेहो, हे ऐकताना मला हसू आलं. कविसंमेलनात सूत्रसंचालक मला मोठ्या प्रेमानं विचारतात, “इतकं छान मराठी कुठं शिकलात?” त्यांच्या मनात वाईट नसतं. मी म्हणतो, “शिकलो नाही हो, इथंच जन्मलो.” त्या दिवसापासून ब्रह्मगिरीचा तो न पाहिलेला भेक मला घरचा वाटू लागला.

बिजूंच्या त्याच लेखात आपल्या सह्याद्रीतलेही दोन भेक होते. एक कोयनेचा. सोमन यांनी १९६३ मध्ये शिवाजीसागर जलाशयाच्या परिसरातून त्याची पहिली नोंद केली होती. दुसरा आंबोलीचा. तो २००९ मध्येच नवी जात म्हणून जाहीर झाला आणि अंगावरच्या पट्ट्यांमुळं त्याला वाघाचं नाव मिळालं. दोघांचं मिळून नवं कूळ ठरलं, झॅन्थोफ्रायनी, म्हणजे पिवळा भेक. नकाशा उघडून पाहा. वर कोयना, खाली आंबोली आणि मधे आमचं राधानगरी.

हे दोघे भेक ओढ्यात अंडी घालत नाहीत. ओढा त्यांना फार मोठा. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे सडे असतात. वळवाचे आणि मृगाचे पहिले पाऊस पडले, की सड्यावरच्या खळग्यांत पाणी साचतं. चार बोटं, कुठं तेवढंही नाही. हे भेक जमतात ते तिथं. अंडी मोजकीच. ऊन पडून खळगा आटला तर सगळं संपलं. पाऊस टिकला तर पिल्लांना पाय फुटतात. पण या पाण्यात मासा नसतो, आणि मासा नसणं हीच पिल्लाची मोठी सोय. आंबोलीच्या भेकाची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. मुलूख एवढासा, आणि ऐन विणीच्या दिवसांत पर्यटकांच्या गाड्यांची रीघ.

आता माझी गोष्ट. काही वर्षांमागं आम्ही पाच-सहा कवी मित्र पहिला पाऊस अनुभवायला राधानगरीच्या वरच्या अंगाला एका सड्यावर गेलो. जीप थेट सड्यावर घातली. धुकं होतं, भजी होती, कविता होत्या. निघताना चाकांचा चिखल तिथल्याच खळग्यांतल्या पाण्यानं धुतला आणि साबण लावून हातही तिथंच धुतले. चार दिवसांनी शेजारचा मुलगा मला त्याच सड्यावर घेऊन गेला. एका खळग्यात काळी पिल्लं वळवळत होती. त्याच्या शेजारच्या दोन खळग्यांतून आमच्या टायरची नक्षी गेली होती. पिल्लं कुठल्या जातीची, हे मी विचारलं नाही. तोही काही बोलला नाही. “काका, इथनं या, खळगा सोडून,” एवढंच म्हणाला.

मी तीस वर्षं पावसावर कविता लिहितो. त्यांत मोर आहे, चातक आहे, भिजलेली बैलजोडी आहे. भेक एकाही ओळीत नाही. ज्या पाण्यावर मी कविता वाचत होतो, त्याच पाण्यात कुणाचं तरी घर आहे, हे मला दिसलं नव्हतं.

सड्याला सरकारी कागदात आणि आपल्याही तोंडात ‘पडीक’ म्हणतात. झाड नाही, पीक नाही, म्हणून पडीक. याच जांभ्याखाली बॉक्साइट असतं, म्हणून खाणवाल्यांचा सड्यावर डोळा. दाजीपूरचं रान १९५८ मध्ये गव्यांसाठी राखलं गेलं. आज राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ही अभिमानाचीच गोष्ट. पण गवा दिसतो, त्याला पाहायला माणसं येतात. चार बोटं पाण्यातला जीव पाहायला गुडघ्यावर बसावं लागतं. २०२३ मध्ये जगभरच्या ८ हजारांहून अधिक उभयचर जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ४१ टक्के संकटात आहेत. सगळं वाचवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. चाक कुठं न्यायचं, हे मात्र आहे.

आता आम्ही गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवतो आणि सड्यावर चालत जातो. पहिल्या पावसाच्या रात्री तर घाटातून गाडी शक्यतो काढतच नाही. काढावीच लागली तर हळू हाकतो, आणि उजेडात काही टुणटुणताना दिसलं तर थांबतो. मित्र चेष्टा करतात, करू देत.

अम्मा जाऊन बरीच वर्षं झाली. तिची सुपली अजून दारामागं खुंटीला आहे. मिरगाचा पाऊस पडला, की मी ती काढून उंबऱ्यापाशी ठेवतो. मेहमान कधी येईल, सांगता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)