कानाचा पंचनामा कोण करणार?

(छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर दुपारी बोलायचेच आहे. त्याआधी अर्धा तास आम्ही एका दुसऱ्याच विषयासाठी मागून घेतला आहे. विषय कानाचा आहे. 'मागे ज्यांना ऐकू येत नसेल त्यांनी पुढे या' असे म्हणून आम्ही सुरुवात करणार होतो. मग लक्षात आले, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना हेही ऐकू जाणार नाही. म्हणून शेजाऱ्याने शेजाऱ्याला हात धरून पुढे आणावे.

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापूस आठवड्याआठवड्याला वर सरकत होता. पाचोडकडचे आमचे एक जुने कार्यकर्ते बारा क्विंटल कापूस घेऊन गेले. व्यापारी म्हणाला, सात हजार सातशे. यांच्या कानाला लागले 'आठ हजार'. यांनी मान हलवली. माप झाले, गाडी रिकामी झाली, पट्टी हातात आली तेव्हा आकडा दिसला. 'तुम्ही आठ म्हणालात', 'नाही, सात म्हणालो'. दुकानातली पोरे हसली. शेजारच्या गावच्या माणसाला त्याच दिवशी आठ हजार शंभर मिळाले होते. फरक क्विंटलला चारशेचा, म्हणजे बारा क्विंटलवर चार हजार आठशे. यात व्यापाऱ्याने फसवले असे आम्ही म्हणत नाही. त्याने सात म्हटले, सातच दिले. फसवले ते कानाने.

आता कान असा का फसवतो? वयाने किंवा यंत्राच्या आवाजाने कान जातो तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. 'स', 'श', 'ट', 'थ' यांचा जो शिटीसारखा भाग असतो तो जातो. 'आ', 'ओ' हे भरीव आवाज राहतात. 'सात' मधला 'स' काढून पाहा. जे उरते ते 'आठ' च्या किती जवळ आहे! 'सहा' आणि 'दहा' यांचेही तेच. म्हणून असा माणूस म्हणतो, 'ऐकू येतं, पण समजत नाही.' घरचे म्हणतात, 'कामाचं तेवढं बरोबर ऐकू येत नाही.' दोघांचेही खरे असते. घरातल्या शांततेत समोर बसून बोललात तर त्याला कळते. मोंढ्यात दहा माणसे बोलत असताना कळत नाही. आणि आपला पैसा मोंढ्यातच ठरतो.

पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा. ती पद्धत मोडून उघडी हर्राशी आली, हे चांगलेच झाले. रुमालाखाली काय शिजते ते मालकालाच कळत नव्हते. पण उघडी हर्राशी कान असलेल्यासाठी उघडी. ज्याचा कान गेला त्याच्यासाठी अजून रुमाल आहेच.

मायबहिणींचे तर कोणी मोजतच नाही. वेचणीची मजुरी किलोवर. संध्याकाळी बांधावर काटा लागतो, मुकादम आकडा ओरडतो, वहीत लिहितो. जिला नीट ऐकू येत नाही ती बाई आकडा परत विचारत नाही, कारण एकदा विचारले की 'बहिरी' हे नाव कायमचे चिकटते. मिळेल ते पदरात घेऊन ती घरी जाते.

हे बहिरेपण येते कुठून? कारणे पुष्कळ आहेत. लहानपणी कान फुटून वाहत राहतो, पडद्याला भोक पडते. क्षयासाठी पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतली त्यांतल्या काहींचे कान गेले. वय तर आहेच. पण आम्हाला आज बोलायचे आहे ते यंत्रांबद्दल, कारण त्यात आमचाही हात आहे.

आम्ही शेतकी पदवीधर. नोकरीच्या काळात गावोगावी प्रात्यक्षिके दिली. पेट्रोलवरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन दाखवला. एकरी औषध किती, पाणी किती, वाऱ्याच्या कोणत्या दिशेने चालायचे, सगळे सांगितले. कानाबद्दल एक अक्षर बोललो नाही, कारण आम्हाला शिकवतानाही ते कोणी बोलले नव्हते. आज आमच्याच डाव्या कानात रात्री रातकिडे वाजतात. शेतात रातकिडे नसतात तेव्हाही.

साधे बोलणे साठेक डेसिबलचे असते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कानाची मर्यादा धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. बिनकेबिनचा ट्रॅक्टर नव्वदीच्या पुढे सहज जातो. ज्वारीची मळणी करणारा हडंबाही तसाच. खळ्यावर रात्रभर उभे राहणाऱ्याने आपला हिशोब आपणच करावा. यंत्र मोजायला उपकरण नको: हात लांबवला की ज्याला लागेल एवढ्या जवळच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कान खाणारा आहे. नांगरताना आपण उजव्या खांद्यावरून मागे पाहतो, डावा कान सायलेन्सरकडे होतो. म्हणून ट्रॅक्टरवाल्याचा डावा कान पुष्कळदा आधी जातो. त्यात आपली पोरे इंजिनाच्या वर आवाज जावा म्हणून डेक लावतात, तो वेगळाच!

औषधाचाही संशय आहे. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत फवारणी करणाऱ्यांचा जो मोठा अभ्यास चालू आहे, त्यात २००८ साली ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके आणि कमी ऐकू येणे यांचा संबंध दिसून आला. कापूसवाल्यांनी हा गट ओळखावा, कपाशीवर आपण वर्षानुवर्षे तोच मारत आलो.

कानाच्या आत ज्या केसासारख्या पेशी असतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पऱ्हाटी तोडली तर खोडव्याला फुटवा येतो, याला तो नाही. म्हणून आधी राखणे. कानावर बसणारे मफ किंवा फोमची बोंडे शहरात औद्योगिक सुरक्षेच्या दुकानात मिळतात, महाग नाहीत. कापसाचा बोळा आपल्या घरचा असला तरी त्याने हा आवाज फारसा अडत नाही.

आणि आता मुद्दा सरकारचा. आपलीच मुले वाळूजला, चिकलठाण्याला प्रेस शॉपमध्ये जातात. तिथे गोंगाटाने कान गेला तर तो व्यवसायजन्य रोग आहे असे कायदा मानतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या यादीत तो होता, २०२० च्या नव्या संहितेच्या यादीतही आहे. कागदावरचे प्रत्यक्षात किती मिळते हा वेगळा प्रश्न, पण कागद तरी आहे. त्याच मुलाचा बाप गावाकडे त्याच आवाजात हडंब्यावर उभा असतो, त्याला कागदही नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना, जी २०२३ पासून सानुग्रह अनुदानाच्या रूपात आहे, ती डोळा मोजते, हात मोजते, पाय मोजते. कान त्यात नाही. कारण कान एका दिवसात जात नाही, रक्त येत नाही, पंचनाम्याला तलाठी काय लिहिणार?

मशीन मिळण्याचेही तसेच. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने दोन्ही कानांची उणीव साठ डेसिबलला पोचली की 'कमी ऐकू येणारा' धरले, सत्तरच्या पुढे 'कर्णबधिर'. केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळते ते चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्याला, उत्पन्नाच्या अटीत. आमचे पाचोडचे कार्यकर्ते तपासले तेव्हा उणीव पन्नासच्या आत निघाली. मोंढ्यात सात-आठ चुकायला तेवढी पुरते, दाखल्याला पुरत नाही. साठीच्या पुढच्या गरिबांसाठी २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, शिबिरे लागली तर तिथे मशीन मिळते. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री जाहीर केली, पासष्टीच्या पुढे, एकदाच तीन हजार रुपये. तीन हजारांत कानाला बेतलेले चांगले डिजिटल मशीन येत नाही.

त्यांनी शेवटी पदरच्या पैशाने एका कानाचे मशीन घेतले. पहिले पंधरा दिवस ते आमच्यावर चिडलेले होते. भाकरी थापल्याचा आवाज, पत्र्यावरची चिमणी, स्वतःचे चप्पल, सगळे एकदम अंगावर आले. बहुतेक लोक याच टप्प्यावर मशीन डबीत घालून कोनाड्यात ठेवतात, आणि मग 'मशीनचा उपयोग नाही' असे गावभर होते. वर्षे न ऐकलेले आवाज ओळखायला मेंदूला काही आठवडे लागतात. आधी घरात, एका माणसाशी बोलताना लावायचे, मग ओट्यावर, मोंढा सगळ्यात शेवटी. शिटी वाजत असेल तर साचा कानात नीट बसलेला नसतो, तो परत करून घ्यायचा. घाम आणि धूळ हे त्याचे वैरी, म्हणून रात्री बॅटरीचे दार उघडून सिलिका जेलच्या डबीत ठेवायचे. फवारताना आणि मळणीला काढून ठेवायचे, पण बंद मशीन कानात ठेवणे म्हणजे कान झाकणे नव्हे. तेव्हा मफच घालायचे. आणि दुकानदाराने तपासणी न करता हातात दिलेले मशीन घ्यायचे नाही, ते सगळेच आवाज मोठे करते आणि उरलेला कानही बिघडवते.

आमच्या त्या कार्यकर्त्यांनी गेल्या हंगामात भाव दोनदा विचारला. दुसऱ्यांदा म्हणाले, 'आकडा कागदावर लिहा.' व्यापाऱ्याने लिहिला. घरात मुलगा पूर्वी त्यांच्या जागी बोलायचा, सातबारा बापाचा, सही बापाची आणि सौदा पोराचा. आता दोघे भांडतात. आम्हाला ते बरे वाटले.

तेव्हा दोन कामे. प्रत्येक तालुक्याने ज्यांना कमी ऐकू येते त्यांची यादी करावी, मायबहिणींची वेगळी, कारण त्यांची नावे आपोआप येणार नाहीत. नावापुढे वय, कोणते यंत्र किती वर्षे चालवले, कान कधी वाहिला होता का, एवढे लिहावे. त्यांना आधी घाटीच्या कान-नाक-घसा विभागात दाखवू; कुणाचा नुसता मळ निघेल, कुणाच्या पडद्याची शस्त्रक्रिया होईल, कुणाला मशीन लागेल. तेल ओतणे आणि काडी घालणे तोवर बंद. दुसरे काम, त्या यादीच्या आधारे अपघात योजनेत कान घालावा असे निवेदन आपण कृषी खात्याला देऊ. बाजार समितीकडेही एक मागणी लावू, हर्राशीचा आकडा फळ्यावर लिहिला जावा. याद्या पुढच्या बैठकीला घेऊन या. आता कापसाच्या भावाकडे वळू.