उडती गृहिणी : फॅनी ब्लँकर्स-कून

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या प्रसंगी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा निर्णय आमच्यावरच सोपविला. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी शास्त्रज्ञांची वा समाजसुधारकांची चरित्रे सांगावयाची असा प्रघात आहे. आम्ही आज तो मोडणार आहोत. आम्ही सांगणार आहोत ती एका हॉलंडच्या बाईंची हकीकत. या बाई धावत असत. आयुष्यात थोर असे काय केले म्हणाल तर एवढेच; आणि त्या स्वतःही तसेच म्हणत. आपण केवळ जोरात धावलो, त्याचा लोकांनी एवढा गवगवा का करावा, असे त्यांस वाटे.

फॅनी कून यांचा जन्म 26 एप्रिल 1918 रोजी हॉलंडमधील बार्न गावाजवळच्या एका खेड्यात झाला. पाच भावांत ही एकटी बहीण. वडील सरकारी नोकरीत होते व तरुणपणी गोळाफेक, थाळीफेक करीत. त्यामुळे घरात खेळास मज्जाव नव्हता. मुलगी पोहण्यात तरबेज होती. परंतु पोहण्याच्या शिक्षकांनीच तिला सांगितले, की देशात चांगल्या पोहणाऱ्या मुली पुष्कळ आहेत, तू धावण्याकडे वळ. वयाच्या सतराव्या वर्षी ती शर्यतींत उतरली व लवकरच 800 मीटरमध्ये राष्ट्रीय विक्रम करून बसली. पण त्या विक्रमाचा उपयोग काय? 1928 नंतर ऑलिंपिकमधून स्त्रियांची 800 मीटरची शर्यत काढून टाकण्यात आली होती. एवढे अंतर स्त्रियांच्या प्रकृतीस मानवणार नाही, अशी तज्ज्ञ म्हणविणाऱ्यांची समजूत होती.

पुढच्याच वर्षी, 1936 साली, ती बर्लिनच्या ऑलिंपिकला गेली. उंच उडीत पहिल्या सहांत आली, रिले शर्यतीत तिचा संघ पाचवा आला. पदक काही मिळाले नाही. मात्र त्या स्पर्धेत चार सुवर्णपदके जिंकणारा अमेरिकेचा निग्रो धावपटू जेसी ओवेन्स याची स्वाक्षरी तिने मिळविली, आणि ती जन्मभर जपली.

तिचे प्रशिक्षक यान ब्लँकर्स हे स्वतः 1928 च्या ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडी मारलेले गृहस्थ. गंमत अशी, की स्त्रियांनी स्पर्धेत उतरूच नये, असेच या गृहस्थांचे प्रारंभीचे मत होते! तिला धावताना पाहून मत बदलले; इतके बदलले, की 1940 साली त्यांनी तिच्याशी विवाह केला. मत बदलण्यास माणसाला कधी कधी एकच उदाहरण पुरते, हे आम्ही अनुभवाने सांगत आहोत. ते कसे, ते पुढे येईलच.

विवाह झाला, त्याच साली जर्मनांनी हॉलंड व्यापले. 1940 व 1944 ही दोन्ही ऑलिंपिके महायुद्धाने गिळली. धावपटूच्या आयुष्यातील बावीस ते सव्वीस ही वर्षे म्हणजे ऐन बहराची. ती अशी गेली. पहिला पुत्र झाला तेव्हा वृत्तपत्रांनी गृहीत धरले, की आता बाईंचे धावणे संपले. परंतु त्या टंचाईच्या दिवसांतच, 1943 साली, त्यांनी उंच उडीत 1.71 मीटर व लांब उडीत 6.25 मीटर असे दोन जागतिक विक्रम केले. लांब उडीचा विक्रम तर 1954 पर्यंत टिकला. 1946 च्या फेब्रुवारीत कन्या झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ऑस्लो येथील युरोपीय स्पर्धेत 80 मीटर अडथळ्यांची शर्यत बाईंनी जिंकली. सराव आठवड्यातून दोनच दिवस, तोही मुलांना बरोबर घेऊन.

आता 1948 चे लंडन. बाईंचे वय तीस. दोन मुलांची आई धावणार म्हणताच त्यांस पत्रांवर पत्रे आली. घरी बसून मुले सांभाळावीत, आणि आखूड चड्डी घालून चारचौघांत धावणे शोभत नाही, असा त्यांतला मजकूर. इंग्रज संघाच्या व्यवस्थापकांनीही त्यांचे वय झाले आहे, असे मत दिले होते. यानसाहेब मोठे चतुर; पत्नी शर्यतीपूर्वी कचरू लागली की ते तेच वाक्य तिला ऐकवीत.

वेम्ब्लीचे मैदान पावसाने चिखलले होते. 2 ऑगस्टला शंभर मीटरची अंतिम शर्यत बाईंनी 11.9 सेकंदांत जिंकली. 4 ऑगस्टला 80 मीटर अडथळ्यांची. येथे प्रतिस्पर्धी होती मॉरीन गार्डनर ही इंग्लंडचीच तरुणी. बाई सुटताना मागे पडल्या, एका अडथळ्यास पाय लागला, तरी अंतिम रेषेवर दोघी जवळजवळ एकदमच पोहोचल्या. निकाल छायाचित्रावरून लागावयाचा होता. इतक्यात बँडवर इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजू लागले! बाईंनी मनात म्हटले, संपले, गार्डनर जिंकली. प्रत्यक्षात राजेसाहेब, सहावे जॉर्ज, मैदानावर आले म्हणून ते गीत वाजत होते. दोघींची वेळ 11.2 सेकंद अशी सारखीच लागली; परंतु सुवर्णपदक बाईंचे ठरले.

त्यानंतर जे घडले ते आम्हांस त्या पदकांहूनही महत्त्वाचे वाटते. दोनशे मीटरच्या उपान्त्य शर्यतीपूर्वी बाई अक्षरशः रडू लागल्या. मुलांची आठवण येत होती; घरी जायचे, आता धावायचे नाही, असे म्हणू लागल्या. यानसाहेबांनी बळजबरी केली नाही. नको असेल तर धावू नकोस, पण पुढे तुलाच पश्चात्ताप होईल, एवढेच ते म्हणाले. बाई पोटभर रडल्या व उठल्या. स्त्रियांसाठी दोनशे मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये त्या वर्षी प्रथमच होत होती. 6 ऑगस्टची अंतिम शर्यत त्यांनी 24.4 सेकंदांत, दुसरीहून 0.7 सेकंद आधी संपविली. इतक्या छोट्या शर्यतीत हे अंतर म्हणजे कित्येक पावले! दुसऱ्या दिवशी रिलेमध्ये शेवटचा टप्पा त्यांचा. त्या सकाळी बाई बाजारात पावसाळी कोट विकत घ्यावयास गेल्या आणि शर्यतीस जेमतेम पोहोचल्या. (आमच्या भगिनीवर्गास हे पटेल.) हाती दांडी आली तेव्हा संघ मागे होता, बाईंनी सर्वांना गाठले आणि ऑस्ट्रेलियास अगदी थोडक्यात मागे टाकले.

स्त्रियांच्या एकूण नऊ मैदानी स्पर्धांपैकी चार एका गृहिणीने जिंकल्या. उंच व लांब उडीचे जागतिक विक्रम त्यांच्याच नावे असूनही तीनपेक्षा अधिक वैयक्तिक स्पर्धांत भाग घेण्यास मुभा नव्हती, म्हणून त्या दोहोंत त्या उतरल्याच नाहीत.

ॲमस्टरडॅमला चार घोड्यांच्या उघड्या गाडीतून मिरवणूक निघाली. पुढे फार धावावे लागू नये म्हणून त्यांस एक सायकल भेट देण्यात आली, ही गोष्ट आम्हांस मोठी गोड वाटते. 1950 साली ब्रसेल्सला त्यांनी युरोपीय स्पर्धेत आणखी तीन वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र प्रकृती बिघडलेली. अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत पाय अडखळला आणि बाई थांबल्या.

त्याच हेलसिंकीला भारताच्या निलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसोझा या दोघी धावल्या. ऑलिंपिकच्या धावपट्टीवर उतरलेल्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. गोमंतकीय कुळातील मेरीबाईंच्या प्रवासखर्चासाठी आप्तमित्रांस निधी उभारावा लागला होता. 2013 साली त्यांस ध्यानचंद पुरस्कार मिळाला. तोवर एकसष्ट वर्षे लोटली होती.

आता आमचा अनुभव. पन्नासएक वर्षांपूर्वी आमची धाकटी भगिनी शाळेत शंभर मीटरमध्ये पहिली येत असे. आंतरशालेय सामन्यांसाठी तिला परगावी न्यावयाचे ठरले. वडील निवर्तले होते. संमतीची चिठ्ठी वडील बंधू या नात्याने आम्ही द्यावयाची होती. आम्ही संमती नाकारली. कारण काय लिहिले? आखूड चड्डी घालून चारचौघांत धावणे आमच्या घराण्यास शोभत नाही. लंडनच्या त्या पत्रांचा मजकूर आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचला, तेव्हा आमचेच अक्षर कोणी आमच्यापुढे धरावे तसे झाले. भगिनी त्या दिवशी काही बोलली नाही. पुढे कधी धावलीही नाही. आज ती महिला मंडळाच्या रांगेत बसली आहे, आणि तिची अनुमती घेऊनच आम्ही हे जाहीरपणे सांगत आहोत.

बाईंची एक गोष्ट सांगावयाची राहिली. 1972 साली म्युनिकच्या ऑलिंपिकप्रसंगी त्यांची जेसी ओवेन्सशी पुन्हा भेट झाली. तुमची स्वाक्षरी अजून माझ्यापाशी आहे, असे म्हणून त्यांनी आपले नाव सांगितले. तेव्हा ओवेन्स उत्तरला, की नाव सांगण्याची गरजच नाही, तुमच्याविषयी मला सारे ठाऊक आहे. 1999 साली आंतरराष्ट्रीय मैदानी क्रीडा महासंघाने शतकातील सर्वश्रेष्ठ महिला खेळाडू म्हणून बाईंचेच नाव पुकारले. ते आपले आहे, हेच त्यांस क्षणभर उमगेना. 25 जानेवारी 2004 रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्या निवर्तल्या.

आपल्या मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीच्या नियमांत खेळाचा उल्लेख नाही, आणि मुलीचे साहाय्य तिच्या विवाहाबरोबर थांबते. ही दोन्ही कलमे बदलावीत, असा ठराव आज सायंकाळी साधारण सभेपुढे येत आहे. सूचक म्हणून आमचे नाव आहे. अनुमोदक म्हणून आमच्या भगिनीने सही केली आहे.